शेकरूबाईची एकच डबी

एका जंगलात हिरड्याची झाडं फार होती आणि मोबाइलची रेंज फार कमी. त्या जंगलात एक शेकरूबाई राहायची.

बाळांनो, शेकरू म्हणजे मोठी खार. तांबूस अंग, झुपकेदार शेपूट, आणि या झाडावरून त्या झाडावर असं जायचं की पाय जमिनीला लागत नाहीत. आमच्या शेकरूबाईचे तर उपासांमुळेही लागत नसत. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी. उरलेल्या दिवशी ती उपासाची तयारी करायची.

मी काही शेकरू नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. मला शेपूट नाही. बाकी काही सारखं वाटलं तर मनात ठेवा आणि पुढे ऐका.

शेकरूंची एक जुनी रीत आहे. प्रत्येक शेकरू सहा-सात घरटी बांधते. राहते एकात, बाकीची असू देते. वारा सुटला, घार आली, की दुसऱ्या घरट्यात जायचं. शेकरूबाईला ही रीत मुळीच पसंत नव्हती.

"सहा घरटी म्हणजे सहा केरसुण्या," ती म्हणायची. "आवरायचं कुणी?"

लग्न होऊन आल्यावर तिनं पाच घरटी मोडली आणि एकच ठेवलं. ते मात्र असं लख्ख, की येणारा पाहुणा आत न येता फांदीवरच उभा राहायचा.

तिचं बाकी सगळंही तसंच होतं. पिल्लांचे फोटो, बारशाचे व्हिडिओ, आरत्या, सगळं तिनं एका हार्ड डिस्कमध्ये भरलं. ती डिस्क पानाच्या डबीएवढी होती, म्हणून घरात तिला डबीच म्हणत. एखादी गोष्ट डबीत गेली की बाकी सगळीकडून पुसून टाकायची. फोनमधून, जुन्या कॉम्प्युटरमधून, सगळीकडून. मग तिला कसं हलकं वाटायचं.

"एक प्रत दुसरीकडे असू दे," शेकरूराव एकदा म्हणाले होते. शेकरूराव म्हणजे तिचे यजमान. ते कमी बोलत, कारण खोकल्यासाठी त्यांच्या गालात कायम हिरडा असे.

"दोन ठिकाणी ठेवणं म्हणजे देवावर भरवसा नाही असं होतं," शेकरूबाई म्हणाली.

"देवघरात अन्नपूर्णा दोन आहेत."

"एक माहेरची आहे."

यजमानांनी हिरडा या गालातून त्या गालात फिरवला, आणि विषय संपला.

आता त्या डबीत काय होतं ते नीट ऐका, कारण गोष्ट त्यासाठीच आहे. डबीत अकरा मिनिटांचं एक रेकॉर्डिंग होतं. शेकरूबाईची आई एका मार्गशीर्षात लेकीकडे राहायला आली होती. तेव्हा तिनं गुरुवारची कहाणी सांगितली आणि शेकरूबाईनं ती फोनमध्ये धरून ठेवली. चुलीवर दूध होतं. कहाणीत राणीला राग येतो त्या जागी आई मध्येच थांबली, खोकली, आणि म्हणाली, "दूध बघ गं, उतू जाईल." मग पुन्हा राणीकडे वळली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आई गेली. आता जगात तिचा आवाज तेवढाच उरला होता. अकरा मिनिटं, खोकल्यासकट.

दर मार्गशीर्षातल्या गुरुवारी शेकरूबाई पूजा मांडायची आणि आईची कहाणी लावायची. राणीला राग आला, की उठून चुलीपाशी जायची. चुलीवर दूध नसलं तरी जायची. आई सांगते आहे म्हटल्यावर जायला नको का?

तर त्या वर्षी खंडेनवमी आली. खंडेनवमीला आपण ज्या वस्तूंवर पोट चालतं त्यांची पूजा करतो. शेकरूबाईनं पाटावर विळी ठेवली, खलबत्ता ठेवला, यजमानांचा कोयता ठेवला. मग तिला वाटलं, डबीनं काय पाप केलंय? तीही वर्षभर राबतेच. तिनं डबी ओल्या फडक्यानं पुसली आणि पाटावर मधोमध ठेवली. एवढ्यावर थांबली असती तर ही गोष्ट मला सांगावी लागली नसती.

पण आरती हवी. आरती होती डबीत. तिनं डबीला वायर जोडून आरती चालू केली. फूल पाण्यात बुडवून सगळ्यांवर शिंपडलं. हळद वाहिली, कुंकू वाहिलं. कुंकू डबीच्या फटीत जाऊन बसलं. शेकरूबाईला बरं वाटलं, टिळा अगदी जागेवर लागला. मग त्याच पाटावर, डबीच्या शेजारी, तिनं नारळ आपटला. एकदा फुटला नाही. दुसऱ्यांदा जोर लावला.

आरती मध्येच थांबली.

"संपली वाटतं," शेकरूबाई म्हणाली.

"दोन कडवी राहिली होती," यजमान म्हणाले.

"देवाला प्रसादाची घाई झाली असेल."

तिनं डबी लाल कापडात गुंडाळली आणि देवघरात ठेवून दिली. दोन महिने तिला रोज हळदीकुंकू वाहिलं. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी तिनं डबी काढली, जोडली, आणि आत कुणीतरी सुतारपक्षी बसल्यासारखा आवाज आला. टक. टक. टक.

त्या गुरुवारी तिनं कहाणी पोथीतून वाचली. पोथीतली कहाणी बरोबर होती, एकही शब्द इकडेतिकडे नव्हता. पण राणीला राग आला आणि कुणीच काही म्हणालं नाही. शेकरूबाई तरीही उठून चुलीपाशी गेली, आणि तिथंच जरा वेळ उभी राहिली.

मग तिनं डोळे पुसले आणि संकल्प सोडला. "चौथ्या गुरुवारी उद्यापन. तोवर आईचा आवाज परत येऊ दे. तोवर मी मीठ खाणार नाही."

तुम्हाला वाटेल, मीठ तिनं सोडलं. पण घरात चूल एक आणि पातेलं एक. मीठ सगळ्यांनीच सोडलं.

"बिघडली डबी," यजमान तिसऱ्या दिवशी म्हणाले. "आमटीनं काय केलंय?"

"तुमच्यासाठी काही मागितलंय का मी?"

"नाही. मीठ मागतोय मी."

शेकरूबाईची श्रद्धा मोठी होती. रोज सकाळी आरती झाली, की ती डबी जोडून बघायची. देवानं ऐकलं का? टक टक. नाही ऐकलं. उद्या ऐकेल. संध्याकाळी दिवा लावला की पुन्हा एकदा. देव संध्याकाळी मोकळा असेल.

मधल्या वेळी तिनं महिला मंडळाच्या ग्रुपवर विचारलं. हा ग्रुप जंगलभरच्या बायकांचा होता. त्यावर ती तीन वर्षांपूर्वी आईची कहाणी पाठवून बसली होती. तेव्हा सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली होती.

"मैत्रिणींनो, ती कहाणी कुणाकडे आहे का?" तिनं लिहिलं.

"अगं, किती गोड आवाज होता," सशीण म्हणाली. "डोळे भरून आले होते माझे. मग फोनमध्ये जागा राहिली नाही, काढून टाकली."

"मीसुद्धा जड मनानं काढली," भेकरीण म्हणाली.

मग एकेकीनं जड मनानं काढल्याचं सांगितलं. अकरा मिनिटं कुणी ऐकली होती, हे मी सांगत नाही. आपण सगळ्या एकमेकींचं काय काय ऐकतो, ते आपल्यालाच ठाऊक. आवाज मिळाला नाही, पण उपाय मात्र एकतीस मिळाले. एक म्हणाली, तांदळाच्या डब्यात ठेव. एक म्हणाली, पिशवीत घालून बर्फाच्या खणात ठेव. एक म्हणाली, हलक्या हातानं दोन चापट्या मार.

शेकरूबाई नेमाची. तिनं तिन्ही केले, ओळीनं आणि स्तोत्र म्हणत. सात दिवस तांदूळ, एक दिवस बर्फ, दोन चापट्या. चापट्या मारल्यावर डबीच्या पाया पडली. दुसरा गुरुवार गेला. टक टक तेवढीच राहिली, फक्त त्यात आता तांदळाचा एक दाणा खुळखुळत होता.

तेव्हा ती उंबराखालच्या कोल्हेभाऊजींकडे गेली. कोल्हेभाऊजींच्या दुकानावर पाटी होती, 'तपासणी फुकट'. बाळांनो, जिथं पहिली गोष्ट फुकट असते तिथं दुसऱ्या गोष्टीला किती पडतात ते आधी विचारावं. शेकरूबाईनं विचारलं नाही. तिला फुकट हा शब्द प्रसादासारखा वाटला.

कोल्हेभाऊजींनी डबी जोडली. पडद्यावर एक यादी उमटली. यादीत नाव दिसलं, 'आईची कहाणी'. नावापुढे एक कुलूप होतं.

"आहे, वहिनी. आत सुखरूप आहे," कोल्हेभाऊजी म्हणाले. "बघा, नाव आलं की नाही?"

शेकरूबाईनं पडद्याला नमस्कार केला.

"कुलूप उघडायला एक पोतं हिरडे."

घरात दीड पोतं होतं, उद्यापनाच्या वाणासाठी ठेवलेलं. तिनं एक पोतं आणून दिलं. कुलूप उघडलं. कोल्हेभाऊजींनी बटण दाबलं आणि दोघं कान देऊन बसले. काहीच ऐकू आलं नाही. अकरा मिनिटं काहीच ऐकू आलं नाही. शेकरूबाई मात्र पूर्ण अकरा मिनिटं बसली. राणीला राग येतो त्या वेळेला ती सवयीनं उठलीसुद्धा.

"नाव निघालं, आवाज निघाला नाही," कोल्हेभाऊजी म्हणाले. "नावाचंच पोतं होतं ते. आवाजाला वेगळं लागेल."

शेकरूबाईनं डबी उचलली. भांडण तिला येत नव्हतं. वाटेत तिनं मनाला समजावलं की निदान नाव तरी दिसलं. इतकी ती आशावादी होती. मी तिच्या जागी असते तर, असं म्हणणार होते, पण मीही तेच केलं असतं.

टेकडीपलीकडे खवलेकाका राहायचे. खवलेकाका म्हणजे खवल्या मांजर, अंगभर खवले, जीभ लांब. असल्या डब्या उघडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांची खोली वारुळाच्या पोटात होती आणि तिथं कणभर धूळ नव्हती.

"मुंग्या नाहीत का हो इथं?" शेकरूबाईनं दारातून विचारलं.

"होत्या," खवलेकाका म्हणाले, आणि ओठांवरून जीभ फिरवली.

त्यांनी डबीला कान लावला. जोडून बघितली नाही. मग हातमोजे घालून ती उघडली. आत आरशासारखी एक तबकडी होती आणि तिच्यावर गोल गोल चरे पडले होते. काकांनी चिमट्यानं एक लाल कण काढला, एक पिवळा कण काढला, एक तांदूळ काढला. मग वास घेतला.

"नारळ का?"

"खंडेनवमीचा," शेकरूबाई म्हणाली.

"हं. नारळानं सुई हलली. ते एक वेळ निस्तरलं असतं. त्यानंतर किती वेळा जोडून बघितलीत?"

"रोज. आरतीनंतर."

"एकदाच ना?"

"दिवा लावल्यावर पण."

खवलेकाकांनी चिमटा खाली ठेवला. "ताई, ती टकटक म्हणजे हललेली सुई तबकडीवर आपटत होती. तुम्ही प्रत्येक वेळी जोडलीत तेव्हा तिनं एक चरा काढला. पहिल्या दिवशी टकटक ऐकून तशीच आणली असतीत, तर अर्ध्या पोत्यात काम झालं असतं. तुमची श्रद्धा जरा कमी असती तर डबी वाचली असती."



"आता काहीच नाही का?"

"दुसऱ्या डबीचे भाग आणून बसवायचे, कणकण गोळा करायचा. आठ पोती हिरडे. आणि आवाज निघेलच असं मी म्हणणार नाही. निघाला तरी तुटक."

तिच्याकडे अर्धं पोतं होतं. खवलेकाकांनी डबी पुन्हा बंद केली, नीट पुसली, आणि बघायचे काही घेतले नाहीत. "ठेवा देवघरात," ते म्हणाले. "आता कितीही कुंकू वाहा."

तिसरा गुरुवार तिनं कसाबसा पोथीवर काढला. पूजा झाली, आरती झाली, आणि नंतर ती डबी जोडायला उठली नाही. यजमानांनी ते बघितलं. त्या रात्री ते बिनमिठाची आमटी न कुरकुरता प्यायले, वर अजून थोडी मागून घेतली.

चौथ्या गुरुवारी उद्यापन. सात सवाष्णी सांगितल्या होत्या. वाणाचे हिरडे कमी पडले म्हणून तिनं प्रत्येकीला ओंजळीऐवजी पाच मोजले. दुपारी मुंगशीणबाईंचा निरोप आला, ताप भरलाय, येत नाही. सहाच उरल्या.

"सातवी खाली आहे की," यजमान म्हणाले.

खाली म्हणजे झाडाच्या बुंध्याशी. तिथं साळूवहिनी राहायची. साळू म्हणजे साळिंदर, अंगावर काटे. तिच्या बिळात इतका पसारा की आत शिरताना तिला स्वतःलाच मागं सरावं लागे. गळालेले काटे, जुनी हाडं, फुटके डबे, कुणाकुणाची शिंगं. काही टाकायचं म्हणून ठाऊक नाही. शेकरूबाईनं चौदा वर्षांत तिला कधी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. गालिच्यावर काटे पडतील ना.

पण सात म्हणजे सात. शेकरूबाई खाली गेली.

"मला?" साळूवहिनी म्हणाली. "बरं. पण मला झाडावर येता येत नाही."

म्हणून उद्यापन झाडाखाली मांडावं लागलं. कलश खाली आला, चौरंग खाली आला, प्रसादाची चूल खाली आली. बाकीच्या सहा जणी पदर सावरून, काटे चुकवून बसल्या. शेकरूबाईनं प्रसादाचं दूध चुलीवर ठेवलं आणि पोथी उघडली.

"हे काय?" साळूवहिनी म्हणाली. "आई कुठाय तुझी?"



"आई गेली, वहिनी. दोन वर्षं झाली."

"ते माहितीय गं. मी आवाजाचं विचारतेय. दर गुरुवारी वरून ऐकू येतो. तुझी आई म्हणते, दूध बघ गं, की मी पण उठून चुलीकडे बघते. या वर्षी ऐकूच आली नाही. माझं तीनदा दूध गेलं."

शेकरूबाईनं पोथी मिटली. मग तिनं सगळं सांगितलं. नारळ, तांदूळ, पोतं, चरे. स्वतःला काही राखून सांगितलं नाही. ऐकताना सशीण दोनदा हसली आणि दोनदा तिनं डोळे टिपले.

"ग्रुपवर पाठवली होतीस ना?" साळूवहिनी म्हणाली.

"हो. पण मी विचारलं तेव्हा तुम्ही..."

"मी वाचत नाही बाई. हजारोंनी साचलेत." तिनं हाडांच्या ढिगातून फोन काढला. तिच्याच काट्यांनी त्याच्या काचेची जाळी झाली होती. "मला यातलं काही काढून टाकता येत नाही. येतं ते सगळं राहतं."

मग सगळ्याजणी त्या फोनवर वाकल्या. चार वर्षांचे सुप्रभात निघाले. पाच हजार गुलाबाची फुलं निघाली. भेकरिणीच्या नणंदेचं केळवण निघालं. मुंगशीणबाईंनी चुकून ग्रुपवर पाठवलेलं सासूबद्दलचं एक मत निघालं, ते सगळ्यांनी नीट वाचलं. शेकरूबाईचा हात सवयीनं पुसायच्या बटणाकडे जात होता. साळूवहिनीनं तो दोनदा बाजूला केला.

आणि त्या सगळ्याच्या तळाशी, दोन गुलाबांच्या मध्ये, आईची कहाणी होती. अकरा मिनिटं. साळूवहिनीनं बटण दाबलं.

आई बोलायला लागली.

कुणी हललं नाही. ज्यांनी जड मनानं काढून टाकली होती, त्यांनी ती पहिल्यांदाच ऐकली. शेकरूबाईनं हात जोडले होते आणि डोळे मिटले होते. तिला वाटलं, देवानं आपलं ऐकलं. मिठाचं ऐकलं की तांदळाचं ऐकलं, एवढंच तिला ठरवता येईना.

राणीला राग आला. आई खोकली.

"दूध बघ गं, उतू जाईल."

शेकरूबाई उठलीच नाही. उठली असती तर आवाज लांब गेला असता. एवढ्यात आपल्या बिळाच्या दिशेनं उठलेली साळूवहिनी मध्येच थांबली आणि म्हणाली, "अगं, खरंच चाललंय."

दूध पातेल्याच्या काठावरून खाली उतरत होतं. विस्तवावर चरचर झाली. वास सुटला. शेकरूबाई चौरंग ओलांडून धावली, पदरानं पातेलं उतरवलं, बोट भाजलं, आणि तिथंच उकिडवी बसून हसायला लागली. हसता हसता रडली. तिकडे आई पुन्हा राणीकडे वळली होती. तिला काय, तिचं सांगून झालं होतं.

उरलेल्या दुधात सातच जणींना पुरेल एवढा प्रसाद झाला. शेकरूबाईनं पहिला साळूवहिनीला दिला. यजमानांच्या आमटीत त्या रात्री मीठ पडलं. जरा जास्तच पडलं, पण ते काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून शेकरूबाईनं काड्या गोळा करून पाच घरटी बांधायला घेतली. प्रत्येक नव्या घरट्यात कहाणीची एक प्रत. पाच घरट्यांना पाच केरसुण्या आल्या. सहावी प्रत साळूवहिनीच्या फोनमध्ये, पाच हजार गुलाबांखाली, आणि ती सगळ्यात सुरक्षित आहे असं सगळं जंगल म्हणतं.

पुढच्या खंडेनवमीला शेकरूबाई हळदीकुंकू, फूल आणि नारळ घेऊन तो फोन पुजायला खाली गेली. साळूवहिनी बिळाच्या तोंडाशी काटे फुलवून उभी होती.

"फूल लांबून दाखव," ती म्हणाली. "आणि नारळ तुझ्या झाडावर फोड."

अशी ही चार गुरुवारांची कहाणी. दूध उतू गेलं, पण सुफळ झाली.

तात्पर्य: मुलींनो, टापटीप ही मोठी वाईट खोड आहे, ती लहानपणीच मोडावी. मोडत नसेल, तर एक पसारेवाली शेजारीण जोडून ठेवावी आणि तिला दर वर्षी हळदीकुंकवाला बोलवावं. देवावर भरवसा पूर्ण ठेवावा, पण तो तपासायला दिवसातून दोनदा वायर जोडू नये.